बिराचं पोट

वर्गात पंधरा-वीस शिलाई मशिनं एकदम चालू होती. दारात उभी राहिलेली बाई काय म्हणाली ते मला आधी ऐकूच आलं नाही. मी उठून जवळ गेले. उन्हानं रापलेला चेहरा, ठसठशीत कुंकू, खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला पदर, हातात औषधाच्या दुकानाची पिशवी.

"वन्सं," ती म्हणाली.

मला वन्सं म्हणणारं जगात कोणी नव्हतं. एक भाऊ होता. त्याच्या लग्नाला मला बोलावलं नव्हतं आणि त्याची बायको मी कधी पाहिली नव्हती.

"मी कौसा. तुमच्या भावाची मंडळी."

"बिराला काय झालं?"

ती वर्गातल्या मुलींकडे बघत राहिली. मी तिला बाहेर व्हरांड्यात नेलं. तिथंही तिनं आधी दोन्हीकडे पाहून घेतलं.

"पोट गेलंय त्यांचं. आखाडापासनं जुलाब हायती. रगत पडतंय. हितल्याच दवाखान्यात आनलंय, पुन्यात. डाक्तरीन म्हनती, निरोगी मानसाचं..." ती थांबली. मग एका दमात बोलून मोकळी झाली. "तुमचं परसाकडचं पायजे वन्सं. त्यांच्या पोटात सोडायला."

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय.

"खरं सांगती. माजं घेतलं, तपासलं, चालत न्हाय म्हनल्या. चुलतदिराचं घेतलं, त्याच्या पोराचं घेतलं. कुनाचंच चालंना. मग त्यांनी इचारलं, गावाभाईर ऱ्हानारं जवळचं कोन हाय का? मी तुमचं नाव सांगितलं."

"बिराला माहीत आहे?"

"न्हाय," ती म्हणाली आणि रडायला लागली.

आमचं गाव बोरमाळ. माळरानाचं गाव, आमचं घर धनगराचं. आई गेली तेव्हा बिरा रांगत होता आणि मी दुसरीत होते. आबा मेंढरं घेऊन रानात जायचे, बिरा माझ्या कडेवर. त्याला भरवणं, निजवणं, त्याचं सगळं काढणं माझ्याकडे. पोरगं खायला असं खमकं की लसणाची चटणी आणि भाकरी दिली तर पुढ्यातली टोपली रिकामी करून उठायचं. आबा म्हणायचे, ह्याच्या पोटात लांडगा बसलाय.

मी पुण्यात शिवणकाम शिकायला आले आणि तिथंच गौतम भालेराव भेटला. तो वायरमनच्या वर्गाला शिकवायचा. आम्ही नोंदणी करून लग्न केलं. गावी सांगायला गेले तेव्हा आबा गप्प बसून राहिले. बोलला तो बिरा. मिसरूडही नीट फुटलं नव्हतं त्याला. "आमाला भईन नव्हतीच," असं म्हणाला आणि घोंगडी उचलून रानात निघून गेला. त्यानंतर येणं-जाणं संपलं. आबा गेल्याचंसुद्धा मला महिना उलटल्यावर बाजारात भेटलेल्या एका गाववाल्याकडून कळलं.

मधल्या काळात गावाच्या वरच्या अंगाला कारखाने आले होते. त्यातला एक औषधांचा. गोळ्यांसाठी लागणारी पावडर तिथं तयार व्हायची. त्याच्या मागच्या भिंतीखालून एक पाट निघून आमच्या ओढ्याला मिळायचा. ओढ्याला फेस यायला लागला तेव्हा लोकांनी मेंढरं तिकडं न्यायची बंद केली आणि पिण्यासाठी बोअर घेतली. बोअरचं पाणी नितळ. कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

संध्याकाळी मी गौतमला सगळं सांगितलं. तो चहा पीत होता. ऐकता ऐकता त्याला हसू फुटलं.

"म्हणजे माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही," तो म्हणाला, "आणि माझ्या घरातलं हे मात्र..." त्यानं कप खाली ठेवला. त्याच्या जागी मी असते तर मीही हसले असते.

"किती वय आता त्याचं?"

"चाळिशीला आलाय."

"मग उद्याच जा," तो म्हणाला. "रजेचा अर्ज मी नेऊन देतो."

डॉ. ऊर्मिला ताम्हाणे या पोटाच्या विकारांच्या डॉक्टर. बारीक अंगाच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी मला समोर बसवून समजावलं.

"आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. ते आपले वैरी नाहीत. अन्न पचवायला मदत करतात आणि वाईट जंतूंना पाय रोवू देत नाहीत. शेतात पीक दाट असलं की तणाला जागा मिळत नाही, तसं. तुमच्या भावाच्या पोटात पीकच उरलेलं नाही. एकच तण माजलंय. त्यावर औषध दिलं की काही दिवस बरं वाटतं, थांबवलं की पुन्हा सुरू. तुमच्या पोटातलं चांगलं पीक तिथं नेऊन लावायचं, एवढाच हा उपचार आहे."

"पण असं झालं कशानं?"

"गावाकडच्या डॉक्टरांनी दर जुलाबाला जंतू मारायच्या गोळ्या दिल्या, हे एक. पण मला तेवढ्यानं समाधान होईना. मी तुमच्या बोअरचं पाणी आणवलं. त्यात तसल्याच औषधांचा अंश निघाला. म्हणजे गोळी न खाताही गावातल्या प्रत्येकाच्या पोटात रोज थोडी थोडी गोळी जातेय. वर्षानुवर्षं."

"कारखान्यामुळं?"

"कोर्टात शपथेवर सांगायला मला अजून पुष्कळ तपासावं लागेल. तुमचा ओढा कुठून येतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"मग कौसाचं का चालत नाही? ती तर धडधाकट दिसते."

"आहेच. पण रोज थोडं थोडं औषध पचवून काही जंतू मुर्दाड झालेत. त्यांच्यावर आता कुठलंच औषध चालत नाही. कौसाबाईंना ते काही करत नाहीत. अशक्त माणसाच्या पोटात गेले तर जीव घेतील. तुमच्या गावातल्या तिघांचं तपासलं, तिघांमध्ये तेच निघालं."

माझ्या रक्ताच्या, शौचाच्या तपासण्या झाल्या. सगळं ठीक निघालं. कौसा माझ्या मागं मागं फिरत होती. "त्यांना सांगू नगा," ती डॉक्टरांना म्हणाली. "कुनी तरी पुण्यवान मानूस मिळालं म्हना. वन्संचं म्हनलं तर ते घेनार न्हाईत."

"रुग्णापासून लपवून मी काही करणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आधी त्यांचा होकार आणा."

मी एकटीच आत गेले.

मी भाऊ शोधत होते आणि खाटेवर कोणी तरी म्हातारा पडला होता. गालफडं बसलेली, हाताच्या काड्या झालेल्या. डोळे तेवढे आबांचे. त्यानं मला ओळखलं. मी स्टूल ओढून बसले.

"आक्का," तो म्हणाला. मग, "कुनी बोलावलं तुला?"

मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"नगं."

"का? भालेरावाच्या घरातलं म्हणून?"

बाजूच्या खाटेवरचा माणूस आमच्याकडे बघत होता. "मेलो तरी चालंल," बिरा म्हणाला, "पर तुज्याकडनं न्हाय घ्यायचं."

अंगावर उकळतं पाणी पडावं तसं झालं मला. मी उठले. पिशवी उचलली. तेवढ्यात तो भिंतीकडे बघतच पुटपुटला, "कुटल्या तोंडानं घिऊ?"

मी परत खाली बसले.

"तोंडानं न्हाय घ्यायचं, येड्या. खालनं घालणार हायत."

त्याची पाठ हलायला लागली. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. हसता हसता पोट धरून कळवळला आणि मग खरंच रडायला लागला. बाजूचा माणूस भला होता, त्यानं कूस बदलली.

"आई गेल्यावर तुजं हगणं-मुतणं मीच काढलंय बिरा," मी म्हणाले. "घाण वाटती का म्हणून तवा मला कुणी इचारलं न्हाय. आता तू बी इचारू नगंस."

त्यानं हात मागं केला. मी तो धरला.

उपचार सकाळीच झाला. दुसऱ्या दिवशी काही फरक दिसला नाही. कौसा देवाला नवस बोलत राहिली. तिसऱ्या दिवशी त्याला एकदाच जावं लागलं. आठवडा संपायच्या आत एका दुपारी तो मला म्हणाला, "आक्का, भूक लागलीया." मऊ भाताचा घास त्याच्या तोंडात गेला तेव्हा कौसा खाटेचा दांडा धरून उभी होती, तिचे ओठ त्याच्या ओठांबरोबर हलत होते.

डॉक्टरांनी त्याला इतक्यात गावी पाठवायला नकार दिला. "ताजी लावणी आहे," त्या म्हणाल्या. "तेच पाणी पुन्हा पोटात गेलं तर टिकायची नाही." म्हणून तो आमच्याकडे आला. रिक्षातून उतरवून गौतमनंच त्याला खांदा दिला. उंबऱ्यापाशी बिरा घुटमळला, चपला नीट एका बाजूला काढून ठेवल्या. आत आल्यावर कोपऱ्यात अंग चोरून बसला. रात्री जेवताना गौतम म्हणाला, "पाव्हणं, ताक घ्या. डॉक्टरांनी सांगितलंय."

बिरानं वाटी पुढं केली. "घाला दाजी," तो म्हणाला.

ते दिवस मी मनात जपून ठेवलेत. तो हळूहळू भरत गेला. गौतमबरोबर भाजी आणायला जायचा आणि भाव ऐकून हबकून परत यायचा. सुट्टी बघून कौसा पोरांना घेऊन आली. समृद्धी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती आणि शंभू नुकता बोलायला लागला होता. गौतमनं त्यांना पंखा उघडून आतली तार दाखवली. पोरं त्याला सोडायला तयार नव्हती.

एकदा दुपारी मी मेथी निवडत होते. बिरा समोर बसून काड्या वेगळ्या करत होता. अचानक म्हणाला, "आबानं शेवटाला तुजं नाव घेतलं व्हतं."

माझे हात चालूच राहिले.

"मंजीला बोलवा म्हनला. दोनदा म्हनला. मी ऐकलं न्हाय असं केलं."

"मग?"

"मग काय. गेला."

मी भाजी घेऊन आत गेले. नळाखाली ती कितीदा धुतली मला आठवत नाही. बाहेर आले तेव्हा तो तसाच बसला होता, मार खायची वाट बघणाऱ्या पोरासारखा. मी त्याच्यापुढं चहा ठेवला. त्यानं तो घेतला. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

अंगात ताकद आल्यावर त्यानं गावी जायचं काढलं. मी समजावलं, रागावले. गौतम म्हणाला, पोरांना इथं शाळेत घालू, कौसालाही इथं काम बघू.

"मेंढरं हायती दाजी. कौसानं एकलीनं किती बघायचं?" तो म्हणाला. "आन् मी हितं चांगलं पानी पिऊन बसू, तिकडं माजी लेकरं त्येच पित्यात."

"म्हणूनच म्हणते, पोरांना आण."

"आनतो. कौसाचं मन वळू दे जरा. लई लहान हायती म्हनती."

शेवटी मी एक सोय केली. त्या बाजूनं दुधाची गाडी रोज पुण्यात यायची आणि रिकामी परत जायची. तिच्याबरोबर दर आठवड्याला पिण्याच्या पाण्याचे दोन जार बोरमाळला पाठवायचे. त्यांच्या तोंडाला बांधायला मी जाड मांजरपाटाची झाकणं शिवली. डॉक्टरांनी बिराला पुन्हा पुन्हा बजावलं, तुम्ही हेच पाणी प्यायचं, दुसरा थेंब नाही. त्यानं मान डोलावली.

मी फोन करायचे. "पाणी पितोस ना रे?"

"पितोय की."

"आणखी धाडू का? पोरांनाबी होईल."

"नगं आक्का. गाडीवाला दोनाच्या वर न्हेत न्हाय. आन् एका मानसाला किती लागतंय?"

आवाज खणखणीत असायचा. मेंढरांचं, पोरांचं सांगायचा. फोनमधून त्याचं पोट मला कुठं दिसणार होतं?

थंडीत कौसाचा फोन आला. त्याला पुन्हा सुरू झालं होतं, आणि झालं होतं ते बऱ्याच दिवसांपूर्वी. त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं. रानात जातो म्हणून जायचा आणि तिथंच पडून राहायचा. दवाखान्यात आणलं तेव्हा त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. ताप डोक्यात गेला होता.

मी डॉक्टरांना म्हणाले, "माझं घ्या. आत्ता घ्या. मी तपासायलाही देते."

"आता नाही मंजुळाताई," त्या म्हणाल्या. "आतड्यातच जीव राहिला नाही. धरणार कशाला?" मग त्यांनी विचारलं, "तुमचंच पाणी पीत होते ना?"

"हो. एक आठवडा चुकला नाही."

त्यांनाही ते कोडंच होतं. माझ्यात काही कमी पडलं असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं. एवढं देऊनही माझं त्याच्यात रुजलं नाही.

शेवटच्या दुपारी तो थोडा शुद्धीवर आला. गौतम त्याचे पाय चोळत होता. बिरानं त्याच्याकडे बघून हात जोडायचा प्रयत्न केला, पण हातात सुया होत्या. मला म्हणाला, "आक्का, लई घेतलं तुजं." मी म्हणाले, गप पड. तो गप पडला. दिवे लागायच्या आधीच गेला.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. डॉक्टर ताम्हाण्यांनी गावातल्या पुष्कळ लोकांच्या तपासण्या केल्या, परदेशातल्या मासिकात लेख लिहिला. सरकारी माणसं येऊन बाटल्या भरून गेली. कारखाना काही दिवस बंद राहिला आणि पुन्हा चालू झाला. मागच्या भिंतीखालचा पाट बुजवला, आता पाणी कुठं सोडतात कुणाला ठाऊक नाही. गावात टँकर येतो, कधी येतो कधी नाही. कौसानं मेंढरं कमी केली, पण बोरमाळ सोडलं नाही. पोरं आमच्याकडे आहेत. शंभू पंखे उघडतो आणि परत जोडतो. समृद्धी वयाच्या मानानं फार गप्प मुलगी आहे.

पोरांना मी आणलं ते बिराच्या दहाव्याच्या दिवशी.

लग्नानंतर पहिल्यांदाच मी आमच्या घराच्या ओसरीवर बसले होते. बाया येत होत्या, गळ्यात पडून रडत होत्या, ज्यांनी मला वाळीत टाकलं होतं त्याच. दुपारी पांगापांग झाली. ऊन तापलं होतं आणि माझ्या घशाला कोरड पडली होती. आतल्या कोपऱ्यात माझे दोन जार दिसत होते, वर मी शिवलेली झाकणं.

"समृद्धी, पाणी दे गं बाळ," मी म्हणाले.

ती उठली, चुलीजवळच्या कळशीतून तिनं तांब्या भरला आणि माझ्यापुढं धरला.

"त्या जारमधलं दे की," मी म्हणाले.

"ते आमचं हाय आत्या. माजं आन् शंभूचं," ती म्हणाली. "मोठ्या मानसांचं ह्ये."

"कुणी सांगितलं?"

"बाबांनी. जारचं पानी बारक्या पोरांचं. मोठ्या मानसानं पिलं तर पाप लागतं."

मी कौसाकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. तिनं मान खाली घातली.

"पयल्या दिसापासनं वन्सं," ती म्हणाली. "थेंब घेतला न्हाई त्यांनी. मी पाया पडले. मला पोरांची शपथ घातली, तुमाला सांगायचं न्हाय म्हनून. म्हनले, माज्या पोटाचं आक्कानं बघितलं, आता ह्येंच्या पोटाचं मला बघू दे."

समृद्धी तांब्या धरून तशीच उभी होती. जड होता तो तिला. मी तिच्या हातातून तो घेतला आणि तोंडाला लावला. कौसा "वन्सं" म्हणून अर्धवट उठली, पुन्हा खाली बसली.

मी सगळं पाणी प्यायले. थंड होतं. गोड होतं.